चहा घेतलाय का?

पहाटे ४.४५

हंगामात मला गजर लागत नाही. भवानीनगरच्या कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या जोडट्रॉल्या रात्रभर चालू असतात, आणि पहाटेच्या गारठ्यात त्यांचा आवाज उशाशी आल्यासारखा वाटतो. नीरेकडून आलेलं धुकं अंगणात उतरलेलं असतं. पाणी तापत ठेवते आणि फोन बघते. रात्री भावाला लिहिलं होतं, ‘उद्या उपाशीपोटी ये, दहा मिनिटांचं काम आहे.’ त्यानं वाचलंय. उत्तर नाही.

तीन आठवडे असंच चाललंय. भाऊ ४४ वर्षांचा, अंगानं शेलाटा, दिवसभर रानात. दोन वर्षांपूर्वी त्याला साखर निघाली. गोळी नियमानं घेतो, महिन्यातून एकदा बोटाला टोचून बघतो, आकडा दीडशेच्या आत आला की महिनाभर निश्चिंत. ‘मला काय धाड भरलीय?’ हे त्याचं ठरलेलं उत्तर. मला त्याच्या साखरेपेक्षा त्याच्या रक्तवाहिन्यांची काळजी जास्त आहे, आणि त्यांची हालहवाल बोटाच्या थेंबात कळत नाही. हे त्याला पटेल असं सांगायला मला अजून जमलेलं नाही.

५.३०

कळंब कुठं संपतं आणि वालचंदनगर कुठं सुरू होतं, ते आता नव्या माणसाला सांगता येणार नाही. आमची लॅब रस्त्यालगत, एका खोलीची, मध्ये पार्टिशन घातलेलं. मालक बारामतीचे पॅथॉलॉजिस्ट. रिपोर्ट तेच तपासतात, सही त्यांची. रक्त घेणं, यंत्र चालवणं आणि आलेल्या आकड्यावर पहिली शंका घेणं हे माझं काम. १८ वर्षं करते आहे.

यूपीएस चालू करून यंत्र तापू देते. फ्रीजमधली रिएजंट बाहेर काढून ठेवते, गार रिएजंटवर आकडा चुकतो. मग कंट्रोल लावते. कंट्रोल म्हणजे ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे असं सीरम. यंत्रानं ते उत्तर बरोबर दिलं तरच माणसांची रक्तं त्याच्या हवाली करायची. आज साखरेचा कंट्रोल ठीक आला, ट्रायग्लिसराइडचा मात्र सलग तिसऱ्या दिवशी थोडा वर सरकलेला. मर्यादेत होता, तरी मी कॅलिब्रेशन पुन्हा केलं. पाऊण तास गेला. बाहेर शाली-मफलर गुंडाळून माणसं उभी होती, पण दार कुणी वाजवलं नाही. इतक्या वर्षांत त्यांनाही माहीत झालंय.

६.१५

‘चहा घेतलाय का?’

दिवसाचा पहिला प्रश्न हाच. ‘न्हाय’ असं सगळेच म्हणतात. मग विचारते, ‘बिनसाखरेचा?’ तिथं तिघांतला एक गप्प होतो. बिनसाखरेचा चहा म्हणजे पाणीच, अशी पक्की समजूत आहे. त्यातलं दूध कुणी मोजत नाही. बायकांसाठी आणखी एक प्रश्न असतो, तो जवळ जाऊन हळू विचारायचा: ‘मिश्री लावली का?’ मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. पण ‘तंबाखू खाता का’ असं विचारलं तर या सगळ्याजणी मनापासून ‘नाही’ म्हणतात, आणि डॉक्टरांच्या कागदावरही ‘नाही’च पडतं. साखर असलेल्या बाईच्या रक्तवाहिन्यांना तंबाखू दुहेरी मार देते, म्हणून हा प्रश्न मी चुकवत नाही. आज पाचांपैकी तिघींनी लावली होती. रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यात मी ‘मि’ लिहून ठेवते. तो रकाना मी स्वतः आखून घेतलाय.

प्रत्येकाच्या तीन नळ्या. करड्या टोपणाची साखरेसाठी. तिच्यात फ्लोराइड असतं. ते नसेल तर नळीतल्या रक्तपेशी साखर खात बसतात आणि तासाला पाच-सात टक्क्यांनी आकडा घसरतो. जांभळ्या टोपणाची तीन महिन्यांच्या साखरेसाठी, पिवळ्या टोपणाची चरबीसाठी. आणि डबी. साखर असलेल्या प्रत्येकाला मी लघवीची डबी देते. ‘ताई, आमाला मुतखडा न्हाय,’ असं एक आजी म्हणाल्या. ‘खड्यासाठी नाही आजी, हृदयासाठी.’ त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मला हातातलं काम थांबवून समजावणं भाग पडलं. ते समजावणं काय होतं ते पुढं दुपारच्या गोष्टीत येईल.

७.४०

उसाच्या ट्रॅक्टरवरचा ड्रायव्हर आला. रिकाम्या ट्रॉल्या रस्त्याकडेला लावून. वय ३६, हातपाय काटकुळे, शर्टाखाली छोटंसं गोल पोट. चुलता पन्नाशीत हार्टनं गेला म्हणून बायकोनं धाडलं. रात्री काय खाल्लं विचारलं तर म्हणाला, ‘नऊ वाजता दोन भाकरी अन् पिठलं. नंतर पान्याचा घोट फक्त.’ खरं बोलत होता. त्याची उपाशीपोटीची साखर १८८ निघाली. त्याला कधीच काही त्रास नव्हता.

अशी माणसं पाहिली की मला पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा फोटो आठवतो. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे. उंची-वजनाचं गणित दोघांचं अगदी सारखं, बीएमआय २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्यात २१.२ टक्के. बाहेरून सडसडीत, आतून चरबी. पुण्याजवळच्या सहा गावांत याज्ञिकांनी १९९३ पासून गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास चालवला, त्यातही हेच दिसलं: आपली बाळं वजनानं कमी जन्मतात, पण चरबी राखून जन्मतात. ती गावं शेतकऱ्यांची होती, आमच्यासारखी. त्यामुळं ‘मी बारीक आहे, मला काय होतंय’ हे वाक्य आमच्या भागात निदान लॅबमध्ये तरी चालत नाही. भावासकट.

९.३०

सेंट्रिफ्यूज दहा मिनिटं फिरवून थांबवलं. नळ्यांत वर सीरम, खाली गोठलेलं रक्त. चांगलं सीरम फिकट पिवळं, उसाच्या गाळलेल्या रसासारखं स्वच्छ दिसतं. ड्रायव्हरच्या नळीतलं दुधी होतं, पिठलं ढवळल्यासारखं. यंत्रात घालायच्या आधीच उत्तर डोळ्यांसमोर होतं. ट्रायग्लिसराइड ४६२.

आता इथं एक फसवा आकडा जन्माला येतो, आणि तो मला सांगितलाच पाहिजे. बहुतेक लॅबमध्ये एलडीएल, म्हणजे लोक ज्याला ‘वाईट कोलेस्टेरॉल’ म्हणतात ते, मोजत नाहीत, वजाबाकीनं काढतात. १९७२ साली फ्रीडवाल्ड यांनी दिलेलं सूत्र आहे: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा, ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करा, उरलं ते एलडीएल. या माणसाचं एकूण २१४, एचडीएल ३१. सूत्रात घाला: एलडीएल ९१. अगदी छान! कागदावर छापून दिलं तर कुणीही म्हणेल, कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे. पण ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की हे सूत्र वापरायचं नसतं, आणि तो नियम विसरला की माणूस निर्धास्त होऊन घरी जातो. मी एलडीएलच्या जागी रेघ मारली आणि खाली नॉन-एचडीएल लिहिलं. एकूणातून एचडीएल वजा, १८३. हे गणित कुठल्याही सीरमवर चालतं, वेगळा पैसाही पडत नाही.

पुन्हा थेट एलडीएल मोजलं तरी साखरेच्या माणसात सगळी गोष्ट कळतेच असं नाही. इन्सुलिन नीट लागू पडेनासं झालं की यकृत चरबीचे थवे रक्तात सोडत राहतं, आणि त्या धबडग्यात एलडीएलचे कण लहान, घट्ट होतात. कोलेस्टेरॉलचं वजन तेवढंच, कणांची संख्या मात्र जास्त. ड्रायव्हरला मी त्याच्याच भाषेत विचारलं, ‘शंभर टन ऊस ट्रॅक्टरनं नेला आणि तोच ऊस बैलगाड्यांनी नेला, तर टनेज बदलतं का?’

‘न्हाय.’

‘आणि गाड्या?’

‘लय लागतील. रस्ता बंद व्हईल की.’

तेच. काट्यावरचं टनेज म्हणजे एलडीएलचा आकडा. रस्त्यावरच्या गाड्या मोजायच्या असतील तर दुसरी तपासणी आहे, अपोबी. अशा प्रत्येक कणावर अपोबी नावाचं एकच प्रथिन बसलेलं असतं, जसा प्रत्येक गाडीवर एकच गाडीवान. गाडीवान मोजले की गाड्या मोजून होतात. ही तपासणी आम्ही बारामतीला पाठवतो. त्यानं लगेच हो म्हटलं. कुणाला तरी आपलं काम आठवून शरीर समजलं, की मला दिवसभर बरं वाटतं.

११.००

बारामतीची बर्फाची पेटी न्यायला मोटरसायकलवरचा पोरगा येतो. पेटीत आज एचबीएवनसी नऊ, लघवीच्या डब्या सहा, अपोबी एक.

एचबीएवनसीमागं एक साधी गोष्ट आहे. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, तेवढा काळ त्या साखरेच्या पाकातच फिरत असतात, आणि साखर त्यांच्या हिमोग्लोबिनला चिकटत जाते. किती चिकटली ते मोजलं की मागच्या तीनेक महिन्यांचा हिशेब कळतो. तेहरानमध्ये सॅम्युअल रहबर यांना १९६० च्या दशकाअखेर मधुमेही रुग्णांच्या रक्तात हे वेगळं हिमोग्लोबिन दिसलं, तिथून हे सुरू झालं. पण पेशीच जास्त दिवस टिकली तर चिकटण्याला वेळ जास्त मिळतो. अंगात लोह कमी असलं की असंच घडतं आणि आकडा खोटा वर जातो. परवा एका ऊसतोड बाईचा एचबीएवनसी ६.९ आला होता, मधुमेहाच्या ६.५ च्या रेषेपलीकडं. उपाशीपोटीची साखर मात्र १०४. मी हिमोग्लोबिन करून पाहिलं, ८.१. पॅथॉलॉजिस्ट साहेबांना फोन लावला. त्यांनी रिपोर्टवर शेरा लिहिला: रक्तक्षय आहे, आधी तो भरून काढून तपासणी पुन्हा करावी. त्या बाईला साखरेची गोळी सुरू झाली असती, आणि जी खरी उणीव होती ती तशीच कोयत्याबरोबर फडात गेली असती.

१२.१५

गर्दी ओसरल्यावर एक काका येतात. वय ६७. ‘कंपनी’तून निवृत्त; इथं कंपनी म्हटलं की वालचंदनगर इंडस्ट्रीज, दुसरी कुठली नाही. इस्रोच्या रॉकेटांची मोटार केसिंग इथं बनली, आणि काका तपासणी विभागात होते. वेल्डिंग पास की नापास हे त्यांच्या सहीनं ठरायचं. तीन महिन्यांमागचा आणि नवा, दोन्ही रिपोर्ट त्यांनी टेबलावर शेजारी शेजारी, कडा जुळवून ठेवले.

‘साखर ६.८. बारा वर्षांत सात ओलांडू दिली नाही. मग डॉक्टर म्हणतात पाय तपासायचेत, मानेची सोनोग्राफी करायचीय. कशाला?’

मी बोट दुसऱ्या ओळीवर ठेवलं. लघवीतलं अल्ब्युमिन. तीन महिन्यांमागं ७१, आता ८४. तीसच्या आत हवं. एकदा वाढलं तर ताप, लघवीचा संसर्ग, आदल्या दिवशीची दमछाक, काहीही कारण असू शकतं. म्हणून पुन्हा करतात. दोनदा वाढलं म्हणजे ती खूण खरी मानायची.

‘म्हणजे किडनी?’

किडनी आहेच. पण गोष्ट तेवढ्यावर थांबत नाही. रक्तवाहिनीला आतून पेशींचा एक अगदी पातळ थर असतो, एंडोथेलियम म्हणतात. तो शाबूत असला की अल्ब्युमिन बाहेर पडत नाही, रक्त चिकटत नाही, वाहिनी गरजेप्रमाणं सैल होते. वाढलेल्या साखरेनं आणि एलडीएलच्या त्या बारीक कणांनी हा थर दुखावतो. मूत्रपिंडातल्या बारीक वाहिन्यांचा थर दुखावला की लघवीतून अल्ब्युमिन झिरपतं, आणि ते मोजता येतं. डेन्मार्कच्या स्टेनो केंद्रातल्या डेकर्ट आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली म्हटलं की हे झिरपणं मूत्रपिंडापुरतं समजू नका. हाच थर सगळ्या अंगभर आहे, हृदयाच्या वाहिन्यांतही. एवढंच सकाळी त्या आजींना मी माझ्या परीनं सांगितलं होतं: ‘मागच्या भिंतीला ओल दिसली की माळवदावरही बघायला लागतं.’

काका म्हणाले, ‘थोडक्यात, पाइपला स्केल धरलंय. बॉयलरच्या ट्यूबला धरतं तसं.’

हे सगळेच म्हणतात, कारखान्याच्या मुलखात तर जास्तच. आणि इथंच चूक होते. स्केल नळीच्या आत, पाण्याच्या बाजूला चढतं आणि पहिल्या दिवसापासून वाट अडवतं. रक्तवाहिनीत ते भिंतीच्या जाडीत होतं. कोलेस्टेरॉलचे कण त्या पातळ थराखाली शिरतात, तिथं अडकतात, बिघडतात. पांढऱ्या पेशी त्यांना खायला जातात आणि खाऊन खाऊन तिथंच फुगून बसतात. भिंत जाड होत जाते, पण बराच काळ बाहेरच्या बाजूला. आतली वाट तेवढीच राहते. शिकागोचे सीमोर ग्लागोव्ह यांनी १९८७ मध्ये हृदयाच्या वाहिन्या कापून, मोजून हे दाखवलं. म्हणून चालताना धाप नाही, छातीत दुखणं नाही, ईसीजी स्वच्छ. आजार दहा-पंधरा वर्षांचा झालेला असतो आणि माणूस म्हणतो, मला काही नाही.

काका बराच वेळ रिपोर्टकडं बघत राहिले. मग स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाले, ‘म्हणजे डीपी टेस्टला सापडणारा क्रॅक नाही हा. यूटी मारायला लागणार.’

मी विचारलं, ‘म्हणजे?’

त्यांनी समजावलं. वेल्डवर लाल रंगाचं द्रव्य लावून पुसायचं, वर पांढरं मारायचं. पृष्ठभागावर भेग असेल तर लाल रेघ उमटते. ती डीपी. पण दोष धातूच्या पोटात असेल तर डीपी काही बोलत नाही. तिथं प्रोबनं अल्ट्रासाउंड सोडायचं. आतल्या दोषावरून आवाज परत फिरतो, पडद्यावर शेंडा दिसतो. ‘वरून आरशासारखा चकचकीत जॉब मी यूटीवर नापास केलाय,’ ते म्हणाले. ‘वेल्डर भांडायचे. म्हणायचे, दिसतंय का कुठं काही?’

मानेची सोनोग्राफी हीच. तोच आवाज, तोच प्रोब, मध्ये तेच जेल. मिलानचे पाओलो पिन्योली यांनी १९८६ साली दाखवलं की मानेतल्या वाहिनीच्या भिंतीची जाडी बाहेरून, कापाकापी न करता मोजता येते. चेन्नईत डॉ. व्ही. मोहन यांच्या गटानं २००० साली ती मोजली: मधुमेह नसलेल्यांत सरासरी ०.७४ मिलिमीटर, असलेल्यांत ०.९५. हे ऐकल्यावर काकांनी पेन काढलं आणि दोन्ही आकडे रिपोर्टच्या मागं लिहून घेतले. दोन दशांश मिलिमीटरचा अर्थ त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होता.

२.००

डबा. ज्वारीची भाकरी, मेथी, शेंगदाण्याची चटणी. दार ओढून घेऊन खाल्लं.

या वेळेला वडील आठवतात, कारण त्यांचे रिपोर्ट माझ्याच टेबलाच्या खालच्या खणात आहेत, दुधाच्या पिशवीत गुंडाळलेले. अकरा वर्षांचे कागद. मी टेक्निशियन झाल्यावर एका रात्री ते तारखेनं लावले होते. साखर, साखर, साखर. प्रत्येकावर कुणीतरी बरोबरची खूण केलेली. चरबीची तपासणी एकदाच, पहिल्या वर्षी. लघवीतलं अल्ब्युमिन एकदाही नाही. पाय कुणी हातात धरून पाहिले होते का, ते कागदावरून कळत नाही. आई म्हणते, नाही. ५२ व्या वर्षी, रात्री उसाला पाणी देताना, त्यांना मळमळलं आणि घाम फुटला. छातीत दुखलंच नाही. घरी येऊन म्हणाले, पित्त झालंय, सोडा दे. पहाटे गेले. खूप वर्षांच्या साखरेनं नसा बधिर होतात आणि हृदयाचा झटकाही दुखेनासा होतो, हे मला नंतर शिकताना कळलं. शिकवणाऱ्या सरांनी एका वाक्यात सांगून पान उलटलं. मी वर्गातून उठून बाहेर गेले होते.

राग अजून आहे. एका मोबाइल रिचार्जएवढ्या पैशाची तपासणी होती.

३.३०

रिपोर्ट छापून लिफाफ्यात घालायचे. लोक घ्यायला येतात आणि पहिली नजर ठळक अक्षरांवर. ठळक नसेल तर ‘सगळं नॉर्मल ना?’ म्हणून निघतात. पण उजवीकडं छापलेली मर्यादा सर्वसाधारण माणसासाठी असते. एलडीएल ९८ आलं तर यंत्र ते साध्याच अक्षरात छापतं. मधुमेहासोबत रक्तदाब, तंबाखू, घरातला हार्टचा इतिहास असं काही असेल तर डॉक्टर ते ७० च्या आत, काही जणांत आणखी खाली आणायला बघतात. म्हणून साखरेच्या माणसाच्या लिफाफ्यावर मी पेनानं लिहिते: ‘डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नॉर्मल समजू नये.’

चारच्या सुमाराला पुण्यात नोकरी करणारा एक मुलगा आईचं पॅकेज घेऊन आला. ऐंशी तपासण्या, रंगीत आलेख. होमोसिस्टीन लाल रंगात, हायसेन्सिटिव्ह सीआरपी लाल रंगात. रात्रभर झोपला नव्हता. मी आईंना विचारलं, तपासणीच्या दिवशी बरं होतं का? सर्दी-खोकला होता, दाढही ठणकत होती. सीआरपी ही जळजळीची खूण, दाढेनंही वाढते. दहाच्या वर असेल तर ती हृदयाच्या हिशेबात धरतच नाहीत. बरं वाटल्यावर दोन आठवड्यांनी पुन्हा करतात.

होमोसिस्टीनचा प्रकार वेगळा. पुण्यातल्याच ४४१ पुरुषांच्या अभ्यासात, याज्ञिकांच्या गटानं २००६ साली मांडलेल्या, ६७ टक्क्यांच्या अंगात बी-१२ कमी निघालं आणि ५८ टक्क्यांचं होमोसिस्टीन वाढलेलं. आपल्या जेवणात बी-१२ कमी, वर साखरेची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं घेतली की ते आणखी उतरतं. ते भरून काढलंच पाहिजे, नसांसाठी आणि रक्तासाठी. पण होमोसिस्टीन खाली आणलं की हार्टचा झटका टळेल, ही आशा त्याच २००६ साली दोन मोठ्या चाचण्यांत, होप-२ आणि नॉर्विटमध्ये, फोल ठरली. जीवनसत्त्वं दिली, आकडा उतरला, झटके मात्र तेवढेच राहिले. काही आकडे नुसती खूण असतात आणि काही कारण. एलडीएल कारण आहे; तो उतरवला की झटके कमी होतात, हे पुन्हा पुन्हा दिसलंय. आईंचा एलडीएल १३९ होता, काळ्या साध्या अक्षरात, पंधराव्या पानावर. त्याच्याबद्दल मुलानं काहीच विचारलं नव्हतं.

५.४५

लॅबला लागून असलेल्या दवाखान्यात डॉक्टरांची संध्याकाळची ओपीडी. गुरुवारी साखरेच्या लोकांचे पाय तपासतात, मी मदतीला जाते. माणसाला दहा मिनिटं निजवायचं, दोन्ही दंडांचा आणि दोन्ही घोट्यांचा दाब घ्यायचा. घोट्याला स्टेथोस्कोप कामाचा नाही; पेनाएवढं डॉपलर लागतं. जेल लावून ते घोट्यापाशी टेकवलं की खोलीत आवाज येतो, शूऽप, शूऽप, मोटेच्या पाण्यासारखा. पट्टा फुगवला की आवाज थांबतो, हवा सोडत गेलं की ज्या आकड्याला परततो तो लिहायचा.

काका आले होते. दंड १४२. डावा घोटा १३८. उजवा ११६. भागाकार त्यांनीच केला, तोंडी: ‘पॉइंट आठ दोन.’ ०.९० च्या खाली म्हणजे पायाची वाहिनी अरुंद झालेली. पाय दुखत नाही? नाही. मग बायको म्हणाली, हल्ली हे देवळापर्यंत जाऊन परत फिरतात, कॅनॉलपर्यंत जात नाहीत. त्यांना स्वतःला ते लक्षातच आलं नव्हतं. माणूस चालणं कमी करतो आणि त्याला वय म्हणतो.

त्यांच्यानंतर एक मावशी. दंड १३०, घोटा १९०. भागाकार १.४६. मावशींच्या सुनेला वाटलं, जास्त म्हणजे उत्तम. खूप वर्षांच्या साखरेत वाहिनीच्या मधल्या थरात चुना साठतो, ती इतकी कडक होते की पट्ट्यानं दाबली जात नाही, आणि दाब खोटा वाढलेला दिसतो. अशा वेळी घोटा सोडून अंगठ्याचा दाब बघावा लागतो, तो बारामतीला. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. मावशींच्या टाचेच्या भेगेत एक बारीक काळा ठिपका होता, तो मी दाखवला. त्या म्हणाल्या, दुखत न्हाय की. डॉक्टर म्हणाले, म्हणूनच.

काकांना दोन गोळ्या लिहून मिळाल्या, मानेच्या सोनोग्राफीची तारीख मिळाली आणि रोज चालायला सांगितलं, दुखेपर्यंत, थांबून, पुन्हा. जाताना ते मला म्हणाले, ‘नापास झालेला जॉब आम्ही फेकत नव्हतो. ग्राइंड करून परत भरायचो.’

८.१०

बारामतीहून रिपोर्ट फोनवर आले. ड्रायव्हरचं अपोबी १४६. काट्यावर दिसत नव्हत्या तेवढ्या गाड्या रस्त्यावर होत्या. त्याला फोन लावला. मागं कारखान्याचा भोंगा ऐकू येत होता. उद्या फेरी झाल्यावर डॉक्टरांकडं यायचं कबूल केलं. बायकोलाही तेच सांगितलं, ती विसरू देणार नाही.

आयसीएमआरच्या २०२३ च्या अहवालात देशात मधुमेहाचे लोक १०.१ कोटी म्हटलेत. माझ्या रजिस्टरात आज १९. त्यातल्या ११ जणांनी डबी दिली, त्यातल्या सहा आजच्या पेटीत गेल्या, पाच उद्या जातील. आठ जण ‘पुढच्या वेळी’ म्हणाले.

आवराआवर करून भावाला परत लिहायला घेतलं. आजवर मी त्याला साखर, चरबी, लघवी हेच सांगत आले. एक गोष्ट सांगितली नव्हती. गेल्या वर्षी मी माझं लिपोप्रोटीन-ए केलं. नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी १९६३ मध्ये शोधलेला हा कोलेस्टेरॉलचाच एक चिकट भाऊबंद. त्याचं प्रमाण जवळजवळ पूर्ण आई-बापांकडून येतं, पथ्यानं-व्यायामानं फारसं हलत नाही, आणि आयुष्यात एकदा मोजलं तरी पुरतं. ५० च्या वर धोका. माझं ७२. ते जास्त असलं तर बाकीच्या गोष्टी, एलडीएल, रक्तदाब, साखर, जास्त कडकपणे आवराव्या लागतात. मी गोळी घेते. त्याला साखर आहे, मला नाही. वडिलांचं कुणी मोजलं नव्हतं, पण मला हे आईकडून आलेलं नाही. तिचं मी करून पाहिलंय.

तेवढंच लिहिलं. ‘माझ्यात जे निघालं ते अण्णांचं आहे. तुझ्यात आहे का ते मला बघायचंय.’

दिवे बंद करून शटर ओढलं. घरी पोहोचेपर्यंत नऊ वाजले. तांदूळ धुताना फोन वाजला.

‘रात्री पाण्याची पाळी आहे. पाचला लाइट जाते. मोटर बंद करून तिथूनच येतो. चहा घेत नाही.’

उद्याचं रजिस्टर लॅबमध्येच राहिलं होतं. कॅलेंडरच्या कडेला पहिलं नाव त्याचं लिहिलं, आणि पुढं: तीन नळ्या, डबी, पाय.